अभियंत्याचे शील : विनयपिटकाच्या आधारे एक विचार

पंचशील ग्रहण करताना आपण सर्वप्रथम प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचा संकल्प करतो. हा संकल्प करणाऱ्या उपासक-उपासिकांमध्ये आज अभियंत्यांची संख्या लक्षणीय आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणविषयक आग्रहामुळे आणि राखीव जागांच्या तरतुदीमुळे ज्या पिढ्या तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचल्या, त्यांपैकी कोणी आज पाटबंधारे खात्यात आहे, कोणी महापालिकेच्या जलनिःसारण विभागात, कोणी रेल्वेत, तर कोणी कारखान्यात. यांतील कोणीही कोणाचा जीव घेण्याच्या हेतूने सकाळी कामावर जात नाही. तथापि पूल कोसळतात, वायू गळतात, इमारती खचतात आणि त्यांत माणसे मरतात. अशा वेळी ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे उत्तर धम्माच्या दृष्टीने पुरेसे ठरते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न बौद्धांपुढे विशेष रीतीने उभा राहतो. अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. कृतीचे नैतिक मूल्य तिच्या मागील हेतूवरून ठरवावे, हा या उपदेशाचा आशय होय. यज्ञातील बाह्य विधीला आणि जन्मावर आधारलेल्या शुद्धाशुद्धतेला या विचाराने मुळातूनच छेद दिला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. परंतु याच वचनाचा सोयीस्कर अर्थ लावून, हेतू निर्मळ असला की परिणामांची जबाबदारी उरत नाही, असे मानणारेही भेटतात. विनयपिटक जरा बारकाईने वाचले तर हा अर्थ टिकत नाही. विनयपिटकात बांधकामाविषयी बरेच काही सांगितलेले आहे आणि ते आपल्या अभियंत्यांच्या फारसे वाचनात येत नाही, म्हणून त्याची येथे थोडी सविस्तर ओळख करून देतो.

आळवीचे बांधकाम

मनुष्यवधाचा निषेध करणाऱ्या तिसऱ्या पाराजिकाच्या अखेरीस ‘विनीतवत्थु’ म्हणजे निर्णय दिलेल्या प्रकरणांचा संग्रह आहे. त्यात आळवी येथील भिक्षूंच्या बांधकामाची प्रकरणे येतात. एका प्रकरणात खालच्या भिक्षूने दगड वर दिला. वरच्या भिक्षूने तो नीट धरला नाही. दगड निसटून खालच्या भिक्षूच्या डोक्यावर पडला आणि तो मरण पावला. पुढील प्रकरणांत दगडाच्या जागी वीट येते, तासणी येते, छपराचा वासा येतो. एका प्रकरणात एक भिक्षू दुसऱ्याला परातीवर अमुक ठिकाणी उभा राहून बांध म्हणून सांगतो आणि तो तेथून पडून मरतो. प्रत्येक वेळी ज्याच्या हातून हे घडले त्या भिक्षूला पश्चात्ताप होतो आणि तो भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला विचारतात, त्या वेळी तुझ्या चित्तात काय होते? मारण्याचा हेतू नव्हता असे त्याने सांगितल्यावर त्याला पाराजिकातून मुक्त केले जाते. हेतू असेल तर मात्र दोष पूर्ण लागतो.

येथवर हेतूचा सिद्धान्त स्पष्ट आहे. चुकून दगड निसटलेल्या माणसाला खुनी म्हणणे अन्यायाचे होईल, आणि विनय तो अन्याय करीत नाही. पण विनय येथे थांबत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. हेतूशिवाय घडणाऱ्या अपायांसाठी विनयात स्वतंत्र नियम आहेत आणि ते नियम दक्षतेचे आहेत.

माळ्यावरची खाट आणि छन्नाचा विहार

पाचित्तिय नियमांतील अठरावा नियम श्रावस्तीत घडलेल्या एका साध्या प्रसंगावरून आला. दुमजली कुटीत एक भिक्षू वर आणि एक खाली राहत होता. वरची खाट सुटे पाय बसवलेली होती. वरचा भिक्षू तिच्यावर धाडकन बसला, पाय निखळला आणि खालच्या भिक्षूच्या डोक्यावर आदळला. त्याला इजा करावी असे वरच्याच्या मनात नव्हते. तरीही अशा माळ्यावर सुट्या पायांची खाट वापरण्यास मनाई करण्यात आली. या नियमाला जोडलेले अपवाद तर अधिक बोलके आहेत. खालच्या जागेत कोणी राहत नसेल, माळ्यावर फळ्यांची तक्तपोशी केलेली असेल, किंवा खाटेच्या पायांना खुंटी ठोकून ते पक्के केलेले असतील, तर दोष नाही. धोक्याखाली माणूस नसावा, मध्ये अडसर असावा, किंवा निखळणारा भाग निखळूच नये अशी रचना असावी, हे तीन उपाय आजच्या सुरक्षाशास्त्रातही सांगितले जातात. वापरणाऱ्याने जपून बसावे, एवढ्यावर विनय समाधानी नाही. वस्तूची आणि जागेची रचना तो विचारात घेतो.

एकोणिसावा नियम कोसंबीच्या छन्न भिक्षूवरून आला. त्याच्या एका उपासकाने, जो महामात्र होता, त्याच्यासाठी विहार बांधविला. काम पूर्ण झाल्यावरही छन्न त्यावर पुनःपुन्हा छप्पर चढवीत व लेप देत राहिला. अखेर भार असह्य होऊन विहार कोसळला. मग नव्याने गवत व लाकूड गोळा करताना त्याने एका ब्राह्मणाच्या सातूच्या शेताची नासधूस केली आणि त्या शेतकऱ्याने तक्रार केली. त्यावरून छपराच्या थरांना दोन-तीन अशी मर्यादा घालण्यात आली, आणि काम करवून घेणाऱ्याने पीक नसलेल्या जागी उभे राहून सूचना द्याव्यात असे ठरले. भारक्षमतेचे उल्लंघन आणि बांधकामाशी काहीही संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाचे नुकसान, या दोन्ही गोष्टी एकाच नियमात आल्या आहेत. छन्नाचा हेतू तर विहार अधिक चांगला व्हावा हाच असणार.

संघादिसेसातील सहावा नियम कुटीच्या मापाविषयी आहे. कुटी सुगताच्या वितीने बारा विती लांब व सात विती रुंद असावी, हे त्यातील माप बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. त्यापेक्षा महत्त्वाचा भाग जागेसंबंधीचा आहे. बांधणाऱ्याने जागा साफ करून संघापुढे यावे आणि पाहणीची याचना करावी. संघाने, किंवा संघाने नेमलेल्या जाणत्या भिक्षूंनी, प्रत्यक्ष जाऊन जागा पाहावी. ती ‘अनारम्भ’ असावी, म्हणजे तेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप इत्यादी प्राण्यांचे वसतिस्थान नसावे, ती शेताला, तुरुंगाला, रहदारीच्या रस्त्याला लागून नसावी. तसेच ती ‘सपरिक्कमन’ असावी, म्हणजे जुंपलेली बैलगाडी किंवा निदान शिडी घेऊन कुटीभोवती फिरता येईल एवढी मोकळी जागा तिच्या सभोवती असावी. ही गाडीची अट वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिची पुन्हा गरज पडणार आहे.

कौशल्य म्हणजे काय?

या नियमांमागील तत्त्व सुत्तपिटकात सापडते. दीघनिकायाच्या संगीतिसुत्तात तीन कौशल्ये सांगितली आहेत : आयकोसल्ल, अपायकोसल्ल आणि उपायकोसल्ल. ‘आय’ म्हणजे वृद्धी, हिताची वाढ कशाने होते याचे ज्ञान. ‘अपाय’ म्हणजे हानी, ऱ्हास कशाने होतो याचे ज्ञान. ‘उपाय’ म्हणजे साधन, ते साधण्याची युक्ती. मूळ संदर्भ कुशल व अकुशल धर्मांचा, म्हणजे चित्ताच्या उन्नती-अवनतीचा आहे, हे मान्य करूनही या वर्गीकरणाचा उपयोग आपल्या विषयासाठी करता येतो. आजचे तांत्रिक शिक्षण प्रामुख्याने उपायकोसल्ल शिकविते. तुळई किती जाड असावी, नळाला उतार किती द्यावा, यंत्र किती वेगाने फिरावे, हे विद्यार्थ्याला उत्तम येते. हे कोणाच्या हितासाठी आणि यातून कोणाची हानी संभवते, हे दोन प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेला राहतात. बुद्धवचनाप्रमाणे ही तिन्ही ज्ञाने कौशल्यच आहेत. म्हणून ज्याला हानीचे पूर्वज्ञान नाही त्याचे कौशल्य अपुरे आहे, असे म्हणावे लागते. त्याची नीती चांगली पण शास्त्र वेगळे, अशी विभागणी येथे होत नाही.

पश्चिमेतही या व्यवसायाला हे उशिरा उमगले. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ साली जी आचारसंहिता स्वीकारली, तिचा भर मालकाशी निष्ठा आणि व्यवसायबंधूंशी सभ्य वर्तन यांवर होता. जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांना सर्वोच्च स्थान देणारी भाषा अशा संहितांमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच हळूहळू रुजली.

राहुलाला दिलेला आरसा

हानीचे ज्ञान कसे मिळवावे, याचे उत्तर मज्झिमनिकायाच्या अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या धम्मग्रंथांच्या वाचनाची शिफारस केली, त्यांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचा उल्लेख येतो. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे पुनःपुन्हा पाहून कर्म करावे, असे तथागत राहुलाला सांगतात. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. प्रत्येक वेळी प्रश्न एकच : यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? पूर्वी दिसले तर करू नये. करताना दिसले तर थांबावे. नंतर दिसले तर ते शास्त्याजवळ किंवा जाणत्या सहकाऱ्यांजवळ उघड करावे आणि पुढे संयम राखावा. येथे ‘मला पीडा द्यायची आहे काय’ असे विचारलेले नाही, ‘पीडा होते काय’ असे विचारलेले आहे. चेतनेचा सिद्धान्त सांगणाऱ्याच शास्त्याने परिणामांकडे पाहण्याची ही शिस्त घालून दिली आहे.

अभियांत्रिकीच्या भाषेत या तीन अवस्था म्हणजे आराखडा, उभारणी वा कार्यान्वयन, आणि देखभाल होत. अलीकडच्या इतिहासातील दोन घटनांवरून दुसरी व तिसरी अवस्था समजावून घेऊ. पहिलीकडे शेवटी वळू.

करताना थांबणे : २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्याच्या घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडलेले होते, तेथे वायू बाहेर येऊ नये म्हणून रबराची कडी बसविलेली होती. थंडीत हे रबर ताठर होते आणि फट वेळेवर बंद करीत नाही. अग्निबाण तयार करणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतील रॉजर बॉइस्जोली या अभियंत्याने या कड्यांविषयी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी, तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असताना उड्डाण करू नये, असा सल्ला दिला. अवकाश संस्थेच्या अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपसांत विचारविनिमय केला. अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, आता अभियंता म्हणून विचार न करता व्यवस्थापक म्हणून कर, असे सुचविण्यात आले. त्याने मत बदलले आणि संमती गेली. उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते.

या बैठकीत कोणालाही अंतराळवीरांना मारायचे नव्हते. वेळापत्रक होते, कंत्राट होते, संस्थेची प्रतिष्ठा होती. दोष अनेकांत वाटला गेला होता, त्यामुळे तो कोणालाच आपला वाटत नव्हता. याविषयी विनयातील एक दृष्टान्त मननीय आहे. तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात, वधाची आज्ञा एकाकडून दुसऱ्याकडे व दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि ती सांगितल्याप्रमाणे पार पडते, तेव्हा साखळीतील सर्वांना पूर्ण दोष सांगितला आहे. तेथे हेतू दुष्ट आहे आणि येथे नाही, हा भेद आहेच. पण हात अनेक लागले म्हणून प्रत्येकाचा वाटा लहान होत नाही, हे त्यातील तत्त्व दक्षतेलाही लागू पडते.

नंतर उघड करणे : न्यूयॉर्कमधील ५९ मजली सिटीकॉर्प इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. तिचा संरचना-अभियंता विल्यम लेमेझुरिए याने १९७८ मध्ये पुन्हा गणित मांडले. कोपऱ्याच्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याचा ताण आणि सांधे वेल्डिंगने न जोडता बोल्टने जोडलेले असणे, या दोहोंमुळे मोठ्या वादळात इमारत धोक्यात येईल, असे त्याला आढळले. गप्प बसणे त्याला शक्य होते. त्याने ती चूक मालकांपुढे मांडली आणि रात्री-रात्री काम करून सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात आल्या. मात्र इमारतीत काम करणाऱ्यांना व परिसरातील रहिवाशांना ही गोष्ट सांगितली गेली नाही. ती १९९५ मध्ये सर्वांना कळली. राहुलोवादाच्या कसोटीवर हे उदाहरण अर्धे उतरते. चूक उघड झाली, पण ज्यांचा जीव टांगणीला होता त्यांच्यापुढे नव्हे.

आपल्या दाराशी

आता पहिल्या अवस्थेकडे, म्हणजे आराखड्याकडे येऊ. यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या देशात १९९३ साली पहिला केंद्रीय कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसे उतरविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात, १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे गटारात उतरतात आणि मरतात. ती बहुतांशी कोणत्या समाजांतील असतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावे लागत नाही.

या मृत्यूंची चर्चा ठेकेदार, मुकादम आणि हातमोजे-मुखवटे यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु यात अभियंत्याचा आराखडाही आहे, इकडे क्वचितच लक्ष जाते. मैलापाण्याच्या नळाला पुरेसा उतार दिला, तर पाणी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वाहते आणि गाळ आपोआप पुढे जातो. उतार कमी पडला तर गाळ साचतो. साचलेला मैला हवेविना कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी राहतो. त्याला कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असते, पण प्रमाण वाढले की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. त्यामुळे वास येत नाही म्हणून उतरणारा माणूस खाली पोहोचताच कोसळतो, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. ज्याने उतार ठरविला, त्याने गाळ कोठे साचणार हेही ठरविले होते. गाळ साचल्यावर काय करायचे, याचे उत्तर आराखड्यात लिहिलेले नसते. ते गृहीत धरलेले असते. ‘कोणीतरी उतरेल’ हे ते गृहीत होय, आणि तो ‘कोणीतरी’ कोण हे जातिव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले आहे.

सेप्टिक टाकीचेही तसेच. टाकी उपसण्यासाठी शोषणयंत्राची गाडी असते. टाकी घराच्या मागील बोळात, जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या फरशीखाली बांधली, तर गाडीचा नळ तेथपर्यंत जात नाही. मग माणूस जातो. विनयाने कुटीभोवती जुंपलेली गाडी फिरेल एवढी जागा मागितली होती. त्या अटीत वास्तूची पुढील देखभाल, तेथे जाणे-येणे आणि काम करणाऱ्याची सोय अभिप्रेत होती, असे मानणे अयोग्य होणार नाही. जेथे गाडी पोहोचणार नाही अशा टाकीच्या नकाशावर सही करणारा अभियंता ‘सपरिक्कमन’ नसलेल्या जागेला संमती देत असतो. त्याचा हेतू निर्मळ असेल. तिसऱ्या पाराजिकाचा दोष त्याला लागणार नाही. पण कर्म करण्यापूर्वी आरशात पाहावयाचे होते, ते त्याने पाहिलेले नाही.

यावर ‘नियमाप्रमाणे केले’ असे उत्तर मिळते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांतील जो भेद मांडला, तो येथे उपयोगी पडतो. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कृती पारखण्याची दृष्टी देते, आणि तत्त्वाने वागणाराच आपल्या कृतीस खऱ्या अर्थाने जबाबदार असतो. प्रमाणग्रंथांतील कोष्टके आवश्यक आहेत. त्यांच्याशिवाय बांधकाम म्हणजे छन्नाचा विहार होईल. परंतु या वस्तूच्या तळाशी उद्या कोण उभा असेल, हा प्रश्न कोष्टकात नसतो. तो अभियंत्यालाच विचारावा लागतो.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांचा अखेरचा उपदेश अप्पमादाचा आहे. या शब्दाचे ‘जागरूकता’ असे भाषांतर आपण करतो आणि त्याचा संबंध बहुधा ध्यानाशी जोडतो. विनयातील वरील प्रकरणे पाहता तो अर्थ अधिक विस्तृत घ्यावा लागेल. हातातील दगड नीट धरणे, माळ्यावर फळ्या ठोकणे, छपराचा भार मोजणे, जागा जाणत्यांना दाखविणे, शंका आली तर काम थांबविणे, चूक कळली तर ती बाधितांसमोर सांगणे, हा सर्व अप्पमादच आहे. आपल्या विहारांत जे तरुण अभियंते येतात, त्यांनी पहिले शील घेताना आपल्या कार्यालयातील नकाशेही त्या शीलाच्या कक्षेत येतात, हे ध्यानी घ्यावे. आणि ज्या विहारांची बांधकामे आज गावोगाव चालू आहेत, त्यांच्या समित्यांनी स्वच्छतागृहाच्या टाकीपर्यंत गाडी जाईल की नाही, हे पाया खणण्यापूर्वी पाहावे.